खिडकीपुढचं कपाट

इंदूबाई, तुमची किल्ली साहेबांनी मला दिली. रेकॉर्डच्या खोलीच्या दोन किल्ल्या, एक तुमच्याकडे आणि एक माझ्याकडे, असं इतकी वर्षं चाललं. आता दोन्ही माझ्याच कमरेला आहेत. तुमच्या किल्लीला काळा दोरा बांधलेला आहे, तो मी काढलेला नाही. गाठ सुटत नाही म्हणून. दुसरा अर्थ काढू नका.

भेटेल तो मला सांगतो, रडून घ्या, मोकळं वाटेल. तुम्ही असतात तर दारातूनच म्हणाला असतात, "रडून काय तिकिटं लागतात काय वो?" ती लागत नाहीतच. म्हणून आधी तिकिटं लावली आणि मग हे लिहायला बसले आहे.

आपण दोघी त्या खोलीत काय करत होतो हे बाहेरच्याला सांगावंच लागतं. ट्रंक कॉल सगळ्यांना ठाऊक असतो. अमरावतीचा अडत्या मुंबईशी बोलतो, डॉक्टर नागपूरशी बोलतात. बोर्डावरची मुलगी दोरी जोडते आणि प्रत्येक कॉलचं एक तिकीट लिहिते: कोणत्या नंबराने मागितला, कुठे मागितला, किती वाजता लागला, किती मिनिटं चालला. बोलणं हवेत जातं, तिकीट उरतं. ते उरलेलं सगळं आपल्या खोलीत येई. पुढे कधी तरी कोणी तावातावाने येतो, "हा कॉल मी केलाच नाही," आणि आपण ढिगातून ते एकच तिकीट काढून त्याच्यापुढे ठेवायचं. सांगायला काम एवढंच.

मी रेकॉर्डला आले तेव्हा तिकिटं तारखेवार बांधलेली असत. एका दिवसाचा एक गठ्ठा, गठ्ठ्यांची पोती, पोत्यांवर पोती. कोणा एका नंबराचे महिन्याभराचे कॉल काढायचे तर महिन्याचे सगळे गठ्ठे सोडायचे, चाळायचे, परत बांधायचे. पहिल्याच आठवड्यात मी त्या पोत्यांमध्ये मांडी घालून बसले होते आणि तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात.

"काय शोधून राहिली?"

"एका अडत्याचे कॉल. सगळ्या महिन्याचे."

"मंग एकेक दिवस सोडत बसशीन? दिवाळी होईन इथंच. फराळ आणून देऊ काय?"

तुम्ही तेव्हा बोर्डावरून नुकत्याच खाली आला होतात. बोर्डावरची तुमची गोष्ट सगळ्या एक्सचेंजला पाठ होती. रिद्धपूरच्या महानुभाव घरातल्या तुम्ही, घरात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला दंडवत करायची लहानपणापासूनची सवय. पहिल्या दिवशी कानाला हेडफोन लावला, पहिला दिवा लागला, तुम्ही प्लग घातला आणि "नंबर प्लीज" म्हणायच्या जागी म्हणालात, "दंडवत!" पलीकडच्या माणसानेही "दंडवत, बाई" म्हटलं आणि नंबर सांगायचाच विसरला. दोघंही भक्तिभावाने गप्प. ही गोष्ट मी तुमच्यासमोर इतरांना अनेकदा सांगितली आणि प्रत्येक वेळी तुम्ही म्हणालात, "खोटं हाय थे." खोटं नव्हतं.

कपाटाची कल्पना तुमची. तिकीट तारखेत नाही, नंबरात ठेवायचं. भिंतभर खणांचं कपाट करायचं, ज्या नंबराने कॉल मागितला त्याच्या खणात तिकीट टाकायचं. रोजची रोज टाकली की खणातल्या खणात तारखा आपोआप एकाखाली एक लागतात. शोधायला एकच हात घालायचा. साहेबांना ते पटलं, सुताराला बोलावलं, आणि तिथे आपली चूक झाली. एवढं रुंद कपाट मावेल अशी त्या खोलीत एकच भिंत होती आणि खोलीची एकुलती एक खिडकी त्याच भिंतीत होती.

सुताराने विचारलं, "बाई, खिडकीचं काय करू?"

मी म्हटलं, कपाटाचे दोन भाग करू, खिडकी मधे ठेवू. तुम्ही म्हणालात, मग या टोकाहून त्या टोकाला चालत बसावं लागेल, दिवसभर पायपीट. "बल्ब हाय ना," म्हणालात. "उजेडाले काय चाटायचं हाय?"

मलाही त्या वेळी घाई होती. काम लवकर झालं की शनिवारी घरी जायची अकोल्याची गाडी लवकर मिळते एवढंच माझ्या डोक्यात असे. मी हो म्हटलं. कपाट उभं राहिलं. सुरुवातीला मागच्या फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा यायच्या. मग खण भरत गेले आणि रेघा एकेक करून बंद झाल्या. त्यानंतर बाहेर सकाळ आहे की दुपार हे आपल्याला चहावाल्यावरून कळायचं.

कापसाचा हंगाम आला आणि कपाट तुंबलं. अडत्यांचे आणि जिनिंगवाल्यांचे खण दुपारपर्यंत ओसंडायचे, आणि शेजारी डॉक्टरांच्या नाहीतर वकिलांच्या खणात कोळी जाळं विणत बसलेला. ते माझ्या हातचं काम होतं. माझे वडील संत्री आणि भाजी विकायचे. जो माल हातोहात जातो तो पुढे आणि कंबरेच्या उंचीला, जो पडून राहतो तो मागे, हे मी बाजारात त्यांच्याशेजारी बसून शिकले होते. तेच इथे केलं. बोलघेवड्या नंबरांना मोठे खण, हाताशी. मुक्या नंबरांना दहाजणांत मिळून एक खण, वर. आणि महिना संपला की त्याची तिकिटं बांधून माळ्यावर टाकायची, म्हणजे पुढचं कपाट कधी जड होत नाही. जुन्याची गरज क्वचित, मग त्याने रोजच्या वाटेत कशाला बसायचं?

तुम्ही ते सगळं बघितलंत आणि म्हणालात, "माळ्याची पोट्टी शोभतेस." मी ते कौतुक म्हणून घेतलं. तुम्ही ते तसंच दिलं होतं ना? विचारायचं राहिलं.

मग गंमत सुरू झाली. गिऱ्हाईक साहेबांच्या खोलीत भांडत बसलेलं असायचं, आणि त्याचा चहा संपायच्या आत तिकीट टेबलावर. साहेब खूश. बाहेरगावचे कोणी अधिकारी आले की साहेब त्यांना आपल्या खोलीत घेऊन यायचे, कुठलाही नंबर सांगा म्हणायचे. पाहुणा नंबर सांगे, आपल्यातली एक हात घाली, तिकीट हजर. पाहुणे गेल्यावर तुम्ही एकदा म्हणालात, "सर्कशीतले वाघ तं बरे. त्याइले मटण तरी भेटते."

वाघ तर आपण होतोच, पिंजरा आपणच बांधून घेतलेला.

माझा बदलीचा अर्ज तेव्हाच गेला. नवरा अकोल्याला शाळेत मास्तर, सासूबाई तिथे, माझी मुलगी नंदा तिथे. जठारपेठेतल्या त्या दोन खोल्यांत माझं घर होतं आणि मी शनिवारची पाहुणी. नंदा बोलायला लागली ती आजीला आई म्हणू लागली. मला म्हणायची, "अमरावतीची आई." सगळे हसायचे. मीही हसत असे. सोमवारी पहाटेच्या गाडीत मात्र हसू येत नसे.

पहिल्या अर्जाच्या वेळी साहेबांनी आपल्या दोघींनाही बोलावलं होतं. ते म्हणाले, "सुमनबाई, तुम्ही गेलात तर एका तिकिटासाठी मला अर्धा स्टाफ बसवावा लागेल."

मी म्हटलं, "इंदूबाई आहेत ना."

आणि तुम्ही ताबडतोब म्हणालात, "एकटीनं नाई होणार सायेब. वरच्या खणाले माह्या हात पुरत नाई."

बाहेर आल्यावर मी तुम्हाला धरलं. "एक वाक्य कमी बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

"खोटं बोलू काय मंग?"

"स्टूल आहे."

"स्टुलावरून पडली तं तू येशीन अकोल्याहून उचलायले?"

त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही डब्यातली ठेच्याची गोळी माझ्या भाकरीवर न बोलता ठेवलीत आणि मी ती न बोलता खाल्ली. पुढे अर्ज जात राहिले. साहेब बदलले, उत्तर बदललं नाही: या बाई अत्यंत उपयुक्त आहेत, सोडता येणार नाही. वाईट काम करणारे पटापट बदलून गेले. आपण चांगलं केलं आणि अडकलो.

यातून सुटायची वाट मला दिसत होती, आणि तिथेच आपलं खरं भांडण होतं. ते भांडण अजून संपलेलं नाही, म्हणून इथे मांडते.

खणांवरच्या चिठ्ठ्या तुम्ही लिहिल्या होत्यात. आकडे नाही लिहिलेत. सुरुवातीच्या दिवसांत वरचे दोघे कारकून येऊन स्वतःच तिकीट काढायचे आणि परत ठेवताना भलत्याच खणात कोंबायचे. चुकीच्या खणात गेलेलं तिकीट म्हणजे मेलेलं तिकीट, सगळं कपाट उपसल्याशिवाय ते सापडत नाही. म्हणून तुम्ही एके दिवशी सगळ्या चिठ्ठ्या काढल्यात आणि तुमच्या महानुभाव पोथ्यांच्या सांकेतिक लिपीत लिहिल्यात. अक्षराच्या जागी भलतंच अक्षर, मधेच एखादी खूण. कारकून आले, बघितलं आणि हात मागे घेऊन गेले. एकाने तर चप्पल काढून नमस्कार केला. तिकिटं हरवायची थांबली. ती लिपी तुम्ही मला शिकवलीत. इतर कोणालाही नाही.

ती कुठून आली हे दाखवायला तुम्ही मला रिद्धपूरला नेलंत. मोर्शीच्या बसने गेलो होतो, तुमच्या काकांकडे. त्यांनी रुमालातून जुनी पोथी काढली. पान समोर धरलं तर एकही शब्द लागेना, आणि तुम्ही मात्र घडाघडा वाचत सुटलात. साधी सरळ मराठी, आपल्या अंगणात बोलतात तशी. मी थक्क झाले आणि चिडलेसुद्धा. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "तुमच्या लोकांनी देव मराठीत आणला आणि मग त्याच मराठीला कुलूप घातलं."

"कुलूप घातलं म्हणून टिकलं थे."

"टिकलं. पण किती जणांनी वाचलं?"

"ज्याले वाचायचं होतं त्यानं."

"म्हणजे तुम्ही आणि काका."

"अन् आता तू," तुम्ही म्हणालात आणि खिडकीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलंत.

माझं म्हणणं साधं होतं. कारकून आता शहाणे झालेत, शिवाय खोलीला जाळीचं दार बसलंय, चिठ्ठ्यांवर आकडे लिहून टाकू. मग कोणीही तिकीट काढू शकेल, आणि कोणीही काढू शकलं की साहेबांना मला धरून ठेवायला कारण उरणार नाही. तुम्ही दरवेळी काही तरी सांगून टाळायचात. गोंद चांगला नाही, हंगाम डोक्यावर आहे, या पोट्ट्याइचा भरवसा नाही.

खरं कारण मला एका दुपारी समजलं. साहेब दारात उभे राहून तुम्हाला हाका मारत होते. तुम्ही कपाटाकडे तोंड करून, डावी बाजू दाराकडे. एक हाक, दुसरी हाक, तुम्ही शांतपणे तिकिटं टाकताय. मी पुढे होऊन तुमच्या खांद्याला हात लावला. तुम्ही वळलात, साहेबांना पाहिलंत आणि एका क्षणात हसून म्हणालात, "हिशेब चुकन म्हणून वळली नाई सायेब." साहेब गेले. आपण एकमेकींकडे बघितलं नाही.

बोर्डावर इतकी वर्षं डाव्या कानाला हेडफोन. तो कान कधी गेला ते तुम्हालाच ठाऊक. रेकॉर्डला तुम्ही खाली स्वतःहून मागून आला होतात, हेही तेव्हा उमगलं. आकड्यांच्या चिठ्ठ्या लागल्या असत्या तर या खोलीत एक साधी कारकून पुरली असती आणि तुम्हाला परत बोर्डावर पाठवलं असतं. बोर्डावर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मग डॉक्टरचा कागद, मग घर. घर म्हणजे भावाचं, तिथे तुमची एक ट्रंक आणि माजघरातला एक कोपरा. ती खिडकी झाकलेली खोली ही जगातली एकच जागा होती जिची किल्ली तुमच्याकडे होती.

त्या दिवसापासून मी तुमच्या उजव्या बाजूला बसायला लागले.

पण मला राग येत होता, इंदूबाई. तुम्ही गेलात म्हणून तो खोटा झाला असं मी म्हणणार नाही. नंदाची पहिली शाळा, तिचा गोवर, तिचे फ्रॉक अपुरे होणं, सगळं मी शनिवारी संध्याकाळी ऐकलं. तुमची लिपी माझ्या दारावर लागलेली कडी होती आणि ती काढायला मी हात पुढे केला तर तुमचा संसार मोडला असता. नंदा चौथीत गेली त्या वर्षी मी बाजारातून गोंद आणि पांढऱ्या चिठ्ठ्या आणल्याच. टेबलावर ठेवल्या. तुम्ही आलात, त्यांच्याकडे पाहिलंत, पदराने चष्मा पुसलात.

"लाव," म्हणालात. "अन् माह्या कानाचं मंग सायेबाले तूच सांगजो. माह्यानं सांगवत नाई."

आपल्या आयुष्यात कानाचं नाव तेवढं एकदाच निघालं. मी चिठ्ठ्या टेबलाच्या खणात टाकल्या. गोंद वाळून दगड झाला. तुम्ही दुसऱ्या दिवशी नंदासाठी लोकरीचं झबलं आणलंत, तिच्या अर्ध्या अंगातही न जाणारं. तुमच्या हिशेबाने ती अजून पाळण्यात होती. माझ्या हिशेबानेही कधी कधी ती तिथेच असे.

शेवटी कागदाच्या धुळीने तुमची छाती धरली. दवाखान्यात मी येत असे तेव्हाही तुमच्या उजव्याच अंगाला स्टूल ओढून बसे. दोन वाक्यं बोलायचात आणि धाप. मी वाट बघत होते. तुम्ही "आता लाव" म्हणाल याची. तुम्ही विचारलंत काय, तर बाजारातल्या त्या मोठ्या अडत्याचा खण भरला असेल, खाली केला का. केला, म्हटलं. मग म्हणालात, "शनिवार हाय ना आज? जाय. गाडी चुकन तुही."

मी गेले. एवढ्या वर्षांत तुम्ही मला अकोल्याच्या गाडीसाठी स्वतःहून उठवलंत ते तेव्हाच. त्याचा अर्थ काय घ्यायचा हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी जिन्यावरून परत फिरून विचारलं नाही.

रविवारी सकाळी आमच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन आला. दुकानदाराचा माणूस बोलवायला आला. तिकडून तुमचा भाऊ बोलत होता, औषधांच्या दुकानातून. लाइन खराब होती. "इंदू गेली," एवढं कळलं, बाकी खरखर. मी "हो, हो" म्हणत राहिले. बस पकडून पोचले तोवर सगळं उरकलं होतं.

सोमवारी सकाळी खोली उघडली, आदल्या दिवसाची तिकिटं आली, मी लावायला घेतली. आणि हातात ते आलं. औषधांच्या दुकानाचा नंबर, अकोला, अर्जंट, तीन मिनिटं. बोर्डावरच्या पोरीने बाकी सगळं नेहमीसारखं लिहिलं होतं, अक्षर मात्र वाकडं होतं. तिनेच तो कॉल जोडला होता आणि कोण गेलं ते तिला कळलं होतं. तुमच्या मरणाचं तिकीट, इंदूबाई, माझ्याकडे लावायला आलं. त्यात मरण कुठेच नव्हतं. मिनिटं होती. तुम्हीच म्हणायचात ना, "काय बोलले थे आपल्याले काय करायचं, किती बोलले थे पाह्य." मी उभी राहिले, तुमच्या लिपीतली चिठ्ठी वाचली आणि ते खणात टाकलं. मग पुढचं तिकीट घेतलं. उभ्या जागी दुसरं काय करता आलं असतं?

त्याच दिवशी साहेबांनी किल्ली दिली. "आता सगळं तुमच्या एकटीवर," ते म्हणाले. "अकोल्याचं आता बोलूच नका." माणूस वाईट नाही. चहा मागवला माझ्यासाठी. मी चहा प्यायले, खाली आले आणि दारातच थांबले. आत जावंसं वाटेना. पूर्वी निदान आपण दोघी कोंडलेल्या होतो.

मग मी बाजारात गेले आणि नवा गोंद आणला.

आकड्यांच्या चिठ्ठ्या मी तुमच्या चिठ्ठ्यांच्या खाली लावल्या, वर नाही. तुमचं एकही अक्षर झाकलेलं नाही. काम चालू असताना नवी मुलगी आली, प्रभा. चुणचुणीत आहे, घरातली सरकारी नोकरीत आलेली पहिलीच. दारातून "जयभीम, बाई" म्हणाली आणि कपाटाकडे बघतच राहिली.

"बाई, हे कोन्या देवाचं व्हय?"

"देवाचं नाही. कापसाच्या अडत्यांचं आहे."

मी तिला लिपीची गोष्ट सांगितली, का लिहिली, कोणी लिहिली. कानाचं तेव्हा सांगितलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अक्षर लपवून ठेवलं का मंग बाहेरच्याचं काय होते, थे मले नका सांगू बाई. थे आमच्या घरी सगळ्याइले पाठ हाय." आणि गोंदाचा ब्रश माझ्या हातातून काढून घेतला. बसमधल्या आपल्या भांडणात मला जे नीट बोलता आलं नव्हतं ते ही मुलगी एका दमात बोलून मोकळी झाली. तुम्ही तिच्यावर रागावला असतात. दोन दिवसांनी तिच्या भाकरीवर ठेचा ठेवला असतात. परवा तिनेच विचारलं, "हे वरचं कसं वाचायचं, शिकवता काय? वाचता यायले पायजे." शिकवते आहे.

साहेबांपुढे मी प्रभाला उभं केलं आणि त्यांना कुठलाही नंबर सांगा म्हटलं. तिला आपल्यापेक्षा वेळ लागला. दोनदा खण चुकली, आकडे बघून सावरली. पण तिकीट निघालं. साहेबांनी चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं. "हे आधी का नाही केलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "गोंद चांगला मिळत नव्हता." हे कधी त्यांच्या हाती पडून खरं कारण समजेल तर समजू दे. आता तुम्हाला कोणी बोर्डावर पाठवू शकत नाही.

अर्ज या वेळी परत आला नाही. हुकूम आला. अकोला. मी तो उभ्याउभ्या वाचला, मग बसून वाचला. खाली लिहिलं होतं: अकोल्याच्या रेकॉर्डची मांडणी अमरावतीप्रमाणे करण्यासाठी.

हसा तुम्ही. मला ऐकू येतंय.

शनिवारी जाऊन ती खोली बघून आले. आपल्याकडे होती त्याहून जास्त पोती, तीच धूळ, तेच तारखेवार गठ्ठे. तिथले साहेब म्हणाले, "हुबेहूब तसंच करून द्या, बाई. आता तुम्ही कुठे जात नाही." नंदाला सांगितलं तर तिने पुस्तकातून मान वर करून विचारलं, "रोज घरी? रोजच्या रोज?" हो म्हटलं. तिच्याही खोलीत आता कोणाला तरी जागा करावी लागणार आहे.

सुतार आला होता, माप घेत होता. तिथेही रुंद भिंत एकच आहे, आणि खिडकी त्याच भिंतीत. मी म्हटलं, "खिडकी सोडून काय ते कर. दोन कपाटं कर, या बाजूला एक, त्या बाजूला एक."

तो म्हणाला, "मंग हात नाई पुरनार बाई. दिवसभर चालत राहाल."

"चालीन," मी म्हटलं.

तुम्ही म्हणाल, पायपीट होईल, वेळ जाईल, उजेडाले काय चाटायचं हाय. यावर माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते त्या दिवशी, पहिल्या सुताराच्या वेळीच द्यायला हवं होतं. पण ते आता बसून सांगायचं आहे. मी स्टूल ओढून घेतलं आहे, इंदूबाई. तुमच्या उजव्या अंगाला.